भरलेली गाडी, दीड हजार किलोमीटर: लहान गाडी परराज्यात नेण्याआधी

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही आमच्या वॅगनआरने पुण्याहून कन्याकुमारीला जाऊन आलो. जाताना साधारण दीड हजार किलोमीटर, येतानाही तेवढंच. गाडी आठ वर्षांची, बहात्तर हजार किलोमीटर चाललेली. आत मी, बायको, आई आणि दोन पोरं. ‘एवढीशी गाडी एवढ्या लांब?’ हा प्रश्न निघायच्या आधी महिनाभर सोसायटीत जो भेटेल तो विचारत होता.

गाडी लहान असल्यामुळे काही अडत नाही. रस्ता जवळजवळ सगळा चौपदरी-सहापदरी आहे: पुण्याहून ४८ नंबरचा महामार्ग धरायचा, सातारा, कोल्हापूर, बेळगाव, हुबळी, दावणगेरे, चित्रदुर्ग, तुमकूर करत बेंगळुरू, पुढे होसूरवरून कृष्णगिरी. तिथून ४४ नंबर धरायचा, तो सेलम, मदुराई, तिरुनेलवेली करत थेट कन्याकुमारीला टेकतो. अडचण वेगळीच आहे. रोज एक माणूस आणि एक डबा घेऊन ऑफिसला जाणारी गाडी तुमच्या ओळखीची असते. पाच माणसं आणि डिकी भरून घाट चढणारी गाडी तुम्ही कधी चालवलेलीच नसते. तिचे ब्रेक उशिरा लागतात, दिवे आभाळात जातात, ओव्हरटेकला दुप्पट जागा लागते. ही दुसरी गाडी निघण्याआधी ओळखीची करून घ्यायची, एवढ्यासाठी पुढचा सगळा खटाटोप.

१. सर्व्हिसिंग पंधरा दिवस आधी, आदल्या दिवशी नाही

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते इथेच. ‘उद्या निघायचंय, आज गाडी गॅरेजला टाकली.’ मीही हेच करायचो. काही वर्षांपूर्वी गोव्याला निघायच्या आदल्या दिवशी सर्व्हिसिंग करून आणली. कूलंटच्या पाइपची एक क्लिप नीट आवळायची राहून गेली होती. जाताना काही कळलं नाही, कारण गळती थेंबाथेंबाची होती. चौथ्या दिवशी परतताना दाणोली सोडून आंबोलीचा घाट चढायला लागलो आणि अर्ध्यात लाल दिवा लागला. बॉनेट उघडून तासभर धुक्यात उभे होतो. पावसाळी हवा, समोर धबधबा, पोरं खूष. मी सोडून सगळेच खूष.

गॅरेजमधल्या कामाची परीक्षा रस्त्यावर होते. म्हणून काम झाल्यावर निघेपर्यंत किमान दोनशे-तीनशे किलोमीटर गाडी नेहमीसारखी चालली पाहिजे. जे गळायचंय, वाजायचंय, ढिलं व्हायचंय ते घराजवळ होऊ द्या.

गॅरेजवाल्याला नुसतं ‘सर्व्हिसिंग करा’ म्हणू नका. ‘गाडी भरून तीन हजार किलोमीटर न्यायची आहे, वाटेत घाट आहेत’ असं सांगा आणि ह्या गोष्टी नाव घेऊन बघायला लावा:

- इंजिन ऑइल आणि फिल्टर. बदलायला दोन हजार किलोमीटर उरले असतील तर आत्ताच बदला, वाटेत मुदत संपेल.
- ब्रेक पॅड, मागचे ब्रेक शू आणि ब्रेक ऑइल. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. जुनं ऑइल उतारावर तापलं की त्यातल्या पाण्याची वाफ होते आणि पेडल मऊ पडतं. दोन वर्षांहून जुनं असेल तर बदला, खर्च फार नाही.
- कूलंट, त्याचे पाइप आणि क्लिपा, रेडिएटरचा पंखा. एसी लावून गाडी जागेवर दहा मिनिटं चालू ठेवली की पंखा चालतो का ते कळतं.
- फॅन बेल्ट. आतल्या बाजूला बारीक चिरा दिसल्या की बदला, जुना डिकीत टाकून ठेवा.
- क्लच. चढावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं होत असेल तर क्लच प्लेट संपत आली. भरलेल्या गाडीत ती घाटातच जाते.

घरी आल्यावर दोन गोष्टी स्वतः करा. सकाळी, गाडी गार असताना, डिपस्टिक पुसून ऑइल बघा. कूलंटच्या प्लॅस्टिकच्या टाकीवरच्या दोन रेघांच्या मध्ये पातळी आहे का बघून मोबाइलने फोटो काढा. आठवड्याने परत फोटो काढा. पातळी उतरली असेल तर कुठेतरी गळतंय. हल्लीच्या बऱ्याच लहान गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. तो लागलाच, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा, अर्धा-पाऊण तास थांबा. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायला जाऊ नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

२. टायर आणि विसरलेली स्टेपनी

टायरच्या बाजूला चार आकडे एका लंबगोलात कोरलेले असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. शहरात कमी चालणाऱ्या गाडीचे टायर झिजत नाहीत, पण रबर म्हातारं होतं. बाजूच्या भिंतीवर बारीक भेगा, कुठे फुगवटा दिसला तर नक्षी कितीही खोल असो, टायर बदला. नक्षी १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर संपला. खाचांच्या तळाशी रबराचे छोटे उंचवटे असतात, ते नक्षीच्या बरोबरीला आले म्हणजे ती वेळ आली.

हवा किती भरायची हे पेट्रोल पंपावरच्या पोऱ्याला विचारू नका. तो सगळ्यांना एकच आकडा सांगतो. ड्रायव्हरचा दरवाजा उघडला की खांबावर एक स्टिकर दिसतो. त्यावर कमी माणसांसाठी आणि भरलेल्या गाडीसाठी वेगळे आकडे असतील तर प्रवासाला दुसरे घ्यायचे. मागच्या चाकांत बहुधा जास्त सांगितलेली असते. हवा टायर गार असताना मोजा. पन्नास किलोमीटर पळवून मोजलीत तर आकडा वाढलेला दिसेल, तो बघून हवा काढू नका. नायट्रोजन भरला नाही म्हणून काही बिघडत नाही.

ऐंशी-नव्वदला स्टिअरिंग थरथरत असेल तर बॅलन्सिंग, गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट. दोन्ही करून घ्याच.

आता स्टेपनी. आधी तिच्यातली हवा बघा, बहुतेकांच्या स्टेपनीत ती अर्धीच असते. मग घरासमोर एकदा चाक स्वतः बदलून बघा. मला हे गॅरेजवाल्या काकांनी सांगितलं होतं आणि मी ऐकलं नव्हतं. ह्याच प्रवासात राणेबेन्नूरच्या पुढे मागचं डावं चाक बसलं. जॅक आहे, पाना आहे, स्टेपनी आहे, सगळं आहे. पण नट हलेना. निघण्याआधी अलाइनमेंटच्या वेळी हवेच्या गनने नट असे आवळले होते की मी पान्यावर उभा राहिलो, माझे पंच्याहत्तर किलो त्यावर टाकले, तरी ढिम्म. वीस मिनिटांनी एक ट्रकवाला थांबला. त्याने काही न बोलता केबिनमधून हातभर लांबीचा लोखंडी पाइप काढला, पान्याच्या दांड्यावर चढवला आणि एका हाताने दाबला. कट्ट आवाज झाला, नट सुटला. चारही नट त्याने दोन मिनिटांत ढिले केले, पाइप उचलला, गेला.

तेव्हापासून माझ्या डिकीत तसाच एक पाइप आहे, भंगारवाल्याकडून ऐंशी रुपयांना घेतलेला. आणि गनने आवळलेले नट मी घरी येऊन एकदा हाताने सोडून परत आवळतो.

चाक बदलताना क्रम असा: हँडब्रेक, पहिला गिअर, कर्णात समोरच्या चाकाला दगड, मग नट जमिनीवरच अर्धा फेरा ढिले करायचे, आणि नंतर जॅक लावायचा. गाडी उचलल्यावर नटांशी झटापट केली की गाडी जॅकवरून घसरते. जॅक कुठे लावायचा ती खाच दरवाज्याखाली असते, गाडीच्या पुस्तकात चित्र आहे. पत्र्याला कुठेही लावलात तर पत्रा आत जाईल.

सीएनजीवाल्यांसाठी वेगळं: टाकीची चाचणी दर तीन वर्षांनी लागते, तिची तारीख पट्टीवर बघा. स्टेपनी डिकीत आडवीतिडवी बसवलेली असेल तर ती बॅगांच्या मागे अडकणार नाही असं सामान लावा. आणि पेट्रोलची टाकी भरलेली ठेवा. महामार्गावर सीएनजी हवा तिथे मिळेलच असं धरून चालू नका.

३. बॅटरी, वायपर

बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल तर दुकानात लोड टेस्ट करून घ्या, बरेच दुकानदार पैसे घेत नाहीत. टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी असेल तर गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून ब्रशने साफ करा.

वायपरचं रबर दिवाळीत कोण बघतो? आपल्याकडे पाऊस संपलेला असतो. पण तामिळनाडूत ईशान्य मान्सूनचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्येच असतो. मदुराईच्या अलीकडे आम्हाला जो पाऊस लागला, त्यात समोरचं बॉनेट दिसत नव्हतं. नवे वायपर होते म्हणून निभावलं.

४. कागदपत्रं

लागतात ती एवढी:

- आरसी बुक किंवा कार्ड. त्यावरची नोंदणीची मुदत बघा. पंधरा वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी नव्याने करावी लागते.
- विमा. मुदत प्रवासाच्या मधल्या तारखेला संपत नाही ना? ‘रस्त्यावर मदत’ हे कलम असेल तर त्याचा फोन नंबर कागदावर लिहून ठेवा.
- पीयूसी. महाराष्ट्रात काढलेली देशभर चालते. नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे, आणि शंभर-दीडशे रुपयांचं हे काम लोक विसरतात.
- लायसन्स, जेवढे जण गाडी चालवणार तेवढ्यांचं.
- जुने ई-चलान थकले असतील तर परिवहनच्या संकेतस्थळावर भरून टाका.
- जुन्या गाडीला उच्च सुरक्षा नंबरप्लेट बसवली नसेल तर आधी ती बसवा.

डिजिलॉकर किंवा एम-परिवहन ॲपमधली कागदपत्रं मूळ कागदांसारखीच धरली जातात. पण गॅलरीतला आरसीचा फोटो किंवा व्हॉट्सॲपवर आलेली पीडीएफ म्हणजे डिजिलॉकर नव्हे. हा घोळ फार जण करतात. ॲपमध्ये कागद घरीच उघडून ठेवा, रस्त्यात नेटवर्क नसतं. मी तरीही मूळ कागदांची एक प्लॅस्टिकची फाइल ठेवतो. जुन्या वळणाचा आहे म्हणा.

पांढऱ्या नंबरप्लेटच्या खासगी गाडीला कर्नाटकात किंवा तामिळनाडूत फिरायला जाताना परमिट लागत नाही, तिथला रोड टॅक्सही भरावा लागत नाही. दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवलीत तरच नव्या नोंदणीचा प्रश्न येतो. पिवळ्या पाटीची गाडी असेल तर हे लागू नाही, तिला परमिट लागतं. गाडी मित्राची किंवा भावाची असेल तर मूळ आरसी बरोबर घ्या आणि त्याने गाडी दिल्याची दोन ओळींची चिठ्ठीही.

काचांना काळी फिल्म असेल तर घरीच काढा. परराज्याची पाटी आणि काळ्या काचा, म्हणजे प्रत्येक नाक्यावर बोलावणं आलंच.

आणि एक सापळा, ज्यात आम्ही जवळजवळ अडकलो. ‘येताना जमलं तर उटी करू.’ निलगिरी जिल्ह्यात आणि कोडाईकनालला पर्यटकांच्या गाड्यांना २०२४ च्या मे महिन्यापासून ई-पास लागतो, मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने. तो ऑनलाइन निघतो. पण हंगामात रोजच्या गाड्यांवर मर्यादा असते, म्हणून ऐनवेळी मिळेल असं धरू नका. एकदा वापरायच्या प्लॅस्टिकच्या पाण्याच्या बाटल्या वर नेऊ देत नाहीत, नाक्यावर गाडी तपासतात. उटीहून म्हैसूरकडे उतरताना बंदीपूरच्या जंगलातला रस्ता रात्री ९ ते सकाळी ६ बंद असतो. साडेआठला फाटकाशी पोचू असा हिशेब करणारे बरेच जण रात्र गाडीत काढतात.

५. फास्टॅग

पुणे ते कन्याकुमारी वीसच्या वर टोलनाके आहेत. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी एवढे तर महाराष्ट्रातच, मग हद्द ओलांडली की कोगनोळी. वाटेत टॅगमधले पैसे संपले की मागे हॉर्न वाजवणारी रांग आणि वर जास्तीचा टोल: नोव्हेंबर २०२५ च्या नियमाने रोख दिलात तर दुप्पट, यूपीआयने दिला तर सव्वापट.

निघण्याआधी: केवायसी पूर्ण आहे का बघा, टॅग काचेला आतून चिकटवलेला आहे का बघा (हातात धरून दाखवणं आता चालत नाही), टॅग ह्याच गाडीच्या नंबरावर आहे का बघा.

ऑगस्ट २०२५ मध्ये खासगी गाड्यांसाठी वार्षिक पास सुरू झाला, तेव्हा किंमत ३,००० रुपये होती. एक वर्ष किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. नाका ओलांडला की एक फेरी, म्हणजे नाक्याला १५ रुपये पडले. अशा एका लांबच्या प्रवासातच तो परवडतो. राजमार्गयात्रा ॲपवरून घ्या. फक्त तो राष्ट्रीय महामार्गांवर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गांवर चालतो. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर चालत नाही, बेंगळुरूच्या बाहेरून जाणाऱ्या नाईस रोडवरही नाही. तिथला टोल वेगळा, त्यासाठी थोडे सुट्टे पैसे वरच्या खणात ठेवा. पण नाईस रोड घ्याच. तुमकूर रस्त्यावरून थेट इलेक्ट्रॉनिक सिटीजवळ होसूर रस्त्याला काढतो. टोल वाचवायला शहरातून गेलात तर अर्धा दिवस सिग्नलवर जाईल.

६. गाडीत ठेवायचं सामान

- जॅक, पाना, वर सांगितलेला पाइप
- लाल परावर्तक त्रिकोण. गाडी बंद पडली की मागे पन्नास पावलांवर ठेवायचा. फांद्या आणि दगड ठेवू नका, लोक तसेच टाकून जातात आणि रात्री दुसरा कोणीतरी त्यावर आदळतो.
- बारा व्होल्टवर चालणारा हवेचा पंप. ह्या सगळ्यात पैसे वसूल करणारी वस्तू हीच. बारीक खिळा असेल तर ट्यूबलेस टायर हळूहळू उतरतो, हवा भरत भरत दुकानापर्यंत जाता येतं.
- जंपर केबल, फ्यूजची पुडी, टॉर्च
- एक लिटर कूलंट, पाच लिटर साधं पाणी
- प्रथमोपचार पेटी, ओआरएस, उलटीच्या पिशव्या
- जुनी चादर आणि हातमोजे, गाडीखाली वाकायची वेळ आली तर
- छापील कागदावर: नातेवाइकांचे नंबर, राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, आणीबाणी ११२

७. सामान भरताना

आरसीवर गाडीचं रिकामं वजन असतं, पुस्तकात भरून जास्तीत जास्त किती चालेल ते असतं. वजाबाकी करा. लहान गाडीत बहुधा चारशे-पाचशे किलो उरतात. पाच मोठी माणसं पासष्ट किलोच्या हिशेबाने सव्वातीनशे झाली. उरलं ते सगळं सामान, आणि टपावर कॅरिअर लावला तर तोही त्यातच. मी कॅरिअर लावत नाही. भरलेला टप वाऱ्याला झुलतो आणि लहान गाडीत ते स्टिअरिंगवर जाणवतं.

जड बॅगा खाली, मागच्या सीटच्या पाठीला चिकटून. काचेजवळच्या फळीवर काही नाही. ड्रायव्हरच्या पायाशी तर काहीच नाही. आईने फराळाचे डबे बरोबर घेतले होते. चिवड्याचा स्टीलचा डबा पुढच्या सीटखाली ‘हाताशी राहील’ म्हणून ठेवला. शिरवळजवळ जरा जोरात ब्रेक दाबला तर डबा घरंगळत माझ्या टाचेपाशी आला. तो आणखी चार इंच पुढे आला असता तर ब्रेकच्या पेडलखाली गेला असता. पाण्याच्या बाटल्यांचंही तेच. सगळं दरवाज्याच्या खणात किंवा मागे.

८. रंगीत तालीम

निघायच्या आधीच्या रविवारी सगळी माणसं, सगळ्या बॅगा (हो, भरलेल्या) गाडीत घालून शंभर-सव्वाशे किलोमीटरची फेरी मारा. त्यात एक घाट हवा आणि शेवटचा तासभर अंधार हवा. आम्ही संध्याकाळी खंबाटकी चढून सुरूरला चहा घेतला आणि परतीच्या बोगद्याने घरी आलो. बायकोला वाटलं मी वेडा झालोय.

त्या तीन तासांत एवढं कळलं:

स्पीडब्रेकरवर मागचा मडफ्लॅप घासत होता. दोन बॅगा कमी केल्या, घासणं थांबलं.

घाटात तिसऱ्यात गाडी दम टाकत होती. दुसऱ्यात घेऊन एसी बंद केला की मजेत चढत होती. म्हणजे पुढे चढावर ओव्हरटेक करायचं असेल तर आधी गिअर उतरवायचा, मग बाहेर पडायचं, हे हाताला समजलं.

आईच्या पायाशी पाणी ठिबकत होतं. सगळ्यांना वाटलं कूलंट. निघाला एसीच्या पाण्याचा तुंबलेला नळ. गॅरेजमध्ये फुंकर मारून साफ केला.

आणि दिवे. समोरून येणारा प्रत्येक जण डिपर मारत होता, आणि माझा लाइट तर खाली होता. डिकी भरली की गाडीचं शेपूट बसतं आणि नाक वर होतं, त्यामुळे खालचा लाइटही समोरच्याच्या डोळ्यांत जातो. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला ० ते ३ किंवा पुढचे आकडे असलेली एक छोटी चकती असते. आठ वर्षं मी तिला हात लावला नव्हता. दोनवर फिरवली, लाइट रस्त्यावर आला.

९. रस्त्यावर

आम्ही जाताना दोन मुक्काम केले: चित्रदुर्ग आणि सेलम. पहिला दिवस साधारण साडेसहाशे किलोमीटरचा, जरा जास्तच झाला. मुलं लहान असतील तर हुबळीला थांबा. पहाटे पाचला निघायचं आणि अंधार पडायच्या आत खोलीवर, हा नियम मात्र मोडू नका. कराड ते बेळगाव हा उसाचा पट्टा आहे. गाळप हंगाम सुरू झाला की रात्री दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर मागे एकही दिवा नसताना चाललेले असतात, आणि ट्रॉलीबाहेर आलेले ऊस तर टॉर्चनेही दिसत नाहीत. चुकीच्या बाजूने येणाऱ्या मोटरसायकली दिवसासुद्धा धरून चला, विशेषतः गावांपाशी.

पेट्रोल अर्ध्या टाकीवर आलं की भरा. भरताना खाली उतरा, मीटरवरचा शून्य बघा.

दुपारी जेवणानंतर दोन ते चार ही वेळ झोपेची. दावणगेऱ्यात बेण्णे डोसा खाल्लात, लोण्याचा, तर चाक दुसऱ्याच्या हाती द्या. मी खाल्ला आणि दिला.

भाषेची फार काळजी नको. पंक्चर हा शब्द सगळीकडे कळतो. कर्नाटकात ‘पंक्चर अंगडी एल्लिदे?’, तामिळनाडूत ‘पंचर कडै एंगे इरुक्कु?’ एवढं म्हटलं की माणूस हाताने दिशा दाखवतो. डाव्या-उजव्याचं उत्तर कळलं नाही तरी हात बघा.

सगळ्यात जपून चालवायची जागा म्हणजे धर्मपुरी आणि सेलमच्या मध्ये तोप्पूरचा घाट. सेलमकडे जाताना तो लांबलचक उतार आहे, रस्ता रुंद आणि गुळगुळीत, त्यामुळे घाट वाटतच नाही. अवजड ट्रकांचे ब्रेक निकामी होऊन इथे मोठे अपघात झालेले आहेत. ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा. पेट्रोल वाचवायला न्यूट्रल करू नका, इंजिनचा आवर सुटतो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेकवर पाय ठेवून राहू नका, दाबा, सोडा, दाबा. जळका वास आला किंवा पेडल नेहमीपेक्षा खोल जायला लागलं तर सुरक्षित जागी थांबा आणि चाकं आपोआप गार होऊ द्या, पाणी ओतू नका. आणि आरशात मागच्या ट्रककडे लक्ष ठेवा. तो वेगाने येत असेल तर त्याला जाऊ द्या, आपण खरे की तो खरा हे नंतर ठरवता येतं.

तिरुनेलवेली सोडलं की डोंगरांच्या खिंडीपाशी पवनचक्क्यांचं रान लागतं. आरळवायमोळीचा हा पट्टा वाऱ्याचाच आहे, उगाच नाही तिथे एवढ्या पवनचक्क्या उभ्या केल्या. ट्रकच्या आडोशातून बाहेर आलात की हलकी गाडी बाजूला ढकलल्यासारखी होते. दोन्ही हात स्टिअरिंगवर, वेग सत्तर.

१०. परत आल्यावर

समुद्राकाठी दोन दिवस उभी होती म्हणून गाडी खालून धुवून घ्या, खारा वारा पत्र्याला खातो. अलाइनमेंट परत तपासा. टायरची हवा आणि दिव्यांची चकती पुन्हा जागेवर आणा, नाहीतर रिकाम्या गाडीचे दिवे नाकासमोर दहा फुटांवर पडतील.

आणि आठवडाभर टोलचे मेसेज बघत राहा. आम्ही घरी आल्यावर तीन दिवसांनी एका नाक्यावर दुसऱ्यांदा पैसे कापल्याचा मेसेज आला, गाडी तेव्हा सोसायटीत उभी होती. टॅग ज्या बँकेचा, तिच्याकडे तारीख, वेळ आणि नाक्याचं नाव लिहून तक्रार केली, त्या वेळच्या पार्किंगच्या कॅमेऱ्याचा फोटो जोडला. अकराव्या दिवशी पैसे परत आले.